प्रवासी बसलेल्या गाडीचे कॅम

आमच्या यांना सगळा बाजार बघूमास्तर म्हणतो. मी म्हणत नाही, पण तो माझा चांगुलपणा. नाव चुकीचं आहे असं नाही. गिऱ्हाईक मोटारसायकलची किल्ली काउंटरवर ठेवतं आणि विचारतं, "मास्तर, संध्याकाळपर्यंत होईल ना?" हे आधी गाडीकडे बघतात, मग गाडीवाल्याकडे बघतात, फडक्याला हात पुसतात आणि म्हणतात, "बघू." क्लच बदलावा लागेल का? बघू. सायलेन्सरचा हा आवाज जाईल का? बघू. एकदा एकाने नुसतंच विचारलं होतं, "मास्तर, चहा घेणार का?" तर त्यालाही "बघू" मिळालं, आणि हे खरंच किटलीत डोकावून आले.

आमची ओळख झाली तेव्हा मी सुट्या भागांच्या एका दुकानात काउंटरवर होते. हे बेअरिंग घ्यायला यायचे. दुसरे मेकॅनिक पुडकं खिशात घालून निघून जात; हे चार बेअरिंगं बाहेर काढून एकेक बोटावर फिरवून बघत बसायचे. मागे रांग लागायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढे माझ्या लक्षात आलं की यांनी नेलेला माल कधी परत येत नाही. मग मी चिडणं सोडलं, आणि त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. मागणी घालायलाही यांनी इतका वेळ लावला की शेवटी मीच विचारलं, "तुम्हाला बेअरिंगं हवी आहेत की मी?"

मग हे आमच्या घरी बाबांना भेटायला आले. माझे बाबा बसचे ड्रायव्हर. उभी नोकरी त्यांनी टेकडीच्या रस्त्यावर काढली. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, वेळेवर सुटणारी आणि उशिरा सुटणारी. बाबांनी यांना खुर्चीत बसवलं, बिस्किटं पुढे केली आणि पोरीच्या बापाने विचारायचा तो प्रश्न विचारला. "माझ्या मुलीला सुखात ठेवाल ना?"

या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं हे दूधपित्या पोरालाही कळेल. यांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फडकं नव्हतं म्हणून रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "बघू."

बाबांचा कप ओठापाशी गेला होता, तो तिथेच राहिला. आई हसू आवरेना म्हणून स्वयंपाकघरात पळाली. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी दातओठ खात विचारलं, "हो म्हणायला काय झालं होतं?" हे अगदी गोंधळून म्हणाले, "अजून आपण एका घरात राहिलोच नाही. आधीच कसं सांगू?" तेव्हाच मी ठरवलं की लग्न करीन तर याच माणसाशी. आज आम्हाला वीसेक वर्षं झाली. मी अधूनमधून विचारते, "काय, ठरलं का सुखाचं?" हे म्हणतात, "बघतोय अजून." आणि खरंच बघतात, हे मी भांडताना सोडून कधीही कबूल करीन.

बाबांनी मात्र तो शब्द मनात धरला. भांडले नाहीत, लग्नही नीट लावून दिलं. फक्त यांना फार मान द्यायला लागले. जावईबापू, या. जावईबापू, बसा. ज्याच्यावर बाबांचा जीव असतो त्याला ते शिव्या घालतात, आणि यांना इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही शिवी दिली नव्हती. त्यांची जुनी एक सिलिंडरची मोटारसायकल दुरुस्तीला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची. आमच्या गॅरेजवरून पुढे. तिची धडधड रस्त्यावरून जाताना ऐकू आली की यांचे हात थांबायचे. गाडी निघून गेली की पुन्हा चालू व्हायचे. मी काउंटरवर बसून आंधळी थोडीच होते?

आमचं गॅरेज म्हणजे खाली दोन शटरं आणि वर आमचं घर. पुढच्या शटरात माझा काउंटर, फोन आणि सुट्या भागांची कपाटं. मागच्या शटरात हे. गिऱ्हाइकांना बसायला भंगारातून आणलेली बसची एक सीट आहे, हिरव्या रेक्झिनची. दुसरी कुठलीही स्वस्तात मिळाली असती. हीच का आणली ते मी विचारलं नाही.

यांचं नाव झालं ते कॅममुळे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या पोटात हवा आणि पेट्रोल आत घेणारं एक झाकण असतं आणि धूर बाहेर सोडणारं दुसरं. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ती झाकणं उघडतात ते कॅम, लोखंडाचे अंड्याच्या आकाराचे तुकडे. फिरता फिरता अंड्याचं टोक वर आलं की झाकण उघडतं. टोक केवढं उंच आणि केवढं रुंद, त्यावर झाकण किती उघडणार आणि किती वेळ उघडं राहणार हे ठरतं, आणि गाडीचा सगळा स्वभाव त्यावर ठरतो. मोठे कॅम घातले की झाकण जास्त वेळ उघडं. गाडी जोरात असली तर भरपूर हवा आत जाते आणि गाडी पळत सुटते. पण गाडी हळू असली तर आत आलेली हवा आल्या पावली परत जाते आणि इंजिनात दम राहत नाही. शिवाय कॅम कधी एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. त्याच्यासाठी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदला, झाकणांना ढकलणारे पुशरॉड जुळवा, कार्बोरेटर मोठा करा, सायलेन्सर मोकळा करा.

प्रत्येकाला मोठेच कॅम हवे असतात. म्हणून यांची एक पद्धत आहे. कॅम निवडायच्या आधी हे गिऱ्हाइकाच्या मागे बसतात. गिऱ्हाईक रोज जिथे जातं त्या रस्त्याने एक चक्कर; पुढे गाडीवाला, मागे हे, हात मांडीवर. लोक सांगतात एक आणि चालवतात भलतंच, असं यांचं म्हणणं. व्यायामशाळेतला एक मास्तर आला होता, दंड असे की शर्टाची बाही रडत होती. म्हणाला, मी वाऱ्यासारखा चालवतो. हे त्याच्या मागे बसून आले आणि मला हळूच म्हणाले, "मला मागे झोप लागत होती. त्याला मोठे कॅम घातले तर कोपऱ्याकोपऱ्यावर बंद पडेल." लग्नांचे फोटो काढणारा एक किडकिडीत मुलगा मात्र मोठ्या कॅमचा निघाला. त्याच्या मागे बसून आल्यावर यांनी आधी पाणी मागितलं.

आता बाबांच्या गाडीकडे येते.

टेकडीवर माझी मावशी राहते, आईची थोरली बहीण. तिचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. म्हणून दर आठवड्याला आई जाऊन तिच्या डोक्याला तेल लावते, केस विंचरून वेणी घालते, आणि दोघी दिवसभर गप्पा मारतात. आईला घेऊन जातात बाबा, मोटारसायकलवर. नोकरीत होते तेव्हाही सुट्टीच्या दिवशी हेच. आठवडाभर बस भरून माणसं वर नेणारा माणूस सातव्या दिवशी एकच प्रवासी घेऊन त्याच रस्त्याने जायचा, आणि ते त्यांना सगळ्यात आवडायचं.

गेल्या वर्षी गाडी थकली. पाण्याच्या टाकीजवळ एक उभं वळण आहे, तिथे तिला धाप लागायला लागली. एकदा आई उतरून चालत वर गेली. पुन्हा एकदा उतरली. आईला चढ चढवत नाही. वर पोचेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला. मग एक दिवस जेवताना ती सहज म्हणाली, "पुढच्या खेपेपासून मी आपली बसनं जाते." बाबा ताटावरून उठले. बायकोने दुसऱ्याने चालवलेल्या बसने टेकडी चढायची म्हणजे त्यांच्यासाठी काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मला फोन करून म्हणाले, "ती उतरली तर मी गाडी विकून टाकतो. मला एकट्याला कुठं जायचंय?" बाबांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

त्यांचा नेहमीचा मेकॅनिक तोवर दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला होता. दुसरा इलाज नव्हता म्हणून बाबा आमच्या शटरात आले. सोबतीला त्यांचे जुने कंडक्टरकाका होते, जे अजूनही दारातून आत येताना "चला, पुढे सरका" म्हणतात. काका हिरव्या सीटवर पसरले. बाबांनी सीटकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "मागच्या दाराजवळची आहे. उडते फार." आणि उभेच राहिले.

यांनी इंजिनाचं बाजूचं झाकण उघडलं. कॅमची टोकं झिजून वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी झाली होती. कॅम बदलायलाच हवे होते, त्यात शंका नव्हती. प्रश्न कुठले घालायचे एवढाच. मी कपाटातून दोन जोड्या काढून फडक्यावर ठेवल्या, एक धाकटी आणि एक थोरली.

"मोठे घाला," बाबा म्हणाले. "चढाला ताकद लागते."

"माझ्या भाच्यानं घातलेत," कंडक्टरकाका म्हणाले. "गाडी नाही, विमान झालंय विमान."

"मोठे घाला आणि त्याला लागेल ते सगळं घाला. चढेल ना मग?" बाबांनी विचारलं.

यांनी गाडीकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. फडक्याला हात पुसले. मी मनातल्या मनात "बघू" म्हणूनही टाकलं होतं. आणि हे म्हणाले, "हो."

माझ्या हातातला बेअरिंगचा डबा खाली पडला. बाबांनाही ते अपेक्षित नसावं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि जाताना "बरं आहे, जावईबापू" म्हणाले, तेही जरा बऱ्या आवाजात.

ते गेल्यावर मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही मागे बसला नाहीत."

"सासऱ्यांच्या मागे कसं बसायचं? हात कुठं ठेवायचे?"

"व्यायामशाळेच्या मास्तरच्या मागे कुठं ठेवले होतेत?"

"तो सासरा नव्हता," हे म्हणाले, आणि आत जाऊन काम करायला लागले. खरं कारण मला माहीत होतं. इतक्या वर्षांनी ती गाडी दारात आली होती, आणि यांना तिला कशालाच नाही म्हणवत नव्हतं. मला राग आला होता आणि त्याहून जास्त यांची दया आली होती.

काम मात्र यांनी जीव ओतून केलं. मोठे कॅम, ताठ स्प्रिंगा, नवे पुशरॉड, मोठा कार्बोरेटर. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले की मी समजते, कणकेची गोळी हवी आहे. मोठ्या कॅमने व्हॉल्व्ह खाली जास्त उतरतो. तो पिस्टनला आपटला तर इंजिनाचा चुराडा. म्हणून हे पिस्टनच्या डोक्यावर कणकेची गोळी ठेवतात, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावतात आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवतात. मग इंजिनाचं डोकं उघडून कणीक पात्याने कापतात आणि दबून उरलेल्या कणकेची जाडी मोजतात. तेवढी फट राहिली. जाडी बरोबर आली. कामात चूक शोधून सापडली नसती.

बाबा गाडी घेऊन सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आले तेव्हा त्यांचे उरलेले केस उभे राहिले होते. "जावईबापू, हातात राहत नाही हो गाडी!" म्हणून ते मोठ्याने हसले. आमच्या गॅरेजमध्ये बाबा हसले! हे त्या दिवशी जेवताना दोनदा वाढून घेऊन गुणगुणत होते. यांना गाता येत नाही, तरी मी ऐकून घेतलं.

पुढचं मला आईने सांगितलं. आठवड्याच्या खेपेला दोघं निघाली. टाकीच्या वळणावर पुढे एक मालगाडीसारखा लांबलचक ट्रक रांगत होता. त्याच्या मागे बाबा हळू झाले, आणि गाडी दोनदा खोकून बंद पडली. मागे घसरायला लागली तशी आई घाईने उतरली आणि तिच्या पायात लचक भरली. मागून बस आली. ड्रायव्हर बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने थांबवून हाक मारली, "काकू, या वर." आईला चालवत नव्हतं. ती बसमध्ये चढली. बाबा उतारावर मोटारसायकल धरून उभे राहिले, आणि त्यांच्याच जुन्या रस्त्यावर, मागच्या काचेतून, आई त्यांना हात करत वर गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा आले आणि किल्ली माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "कुणी गिऱ्हाईक असलं तर बघ."

हे आतून बाहेर आले. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमची काही चूक नाही. मी सांगितलं तेच तुम्ही केलंत."

"चूक माझीच आहे," हे म्हणाले. "मी हो म्हणालो." थोडं थांबून म्हणाले, "मला एकदा तुमच्या मागे बसू द्या."

"तुम्ही? माझ्या मागे?" बाबांचा चेहरा लाल झाला. "उभा जन्म माणसं वाहिली मी. अजून कुणी माझी परीक्षा घेतली नाही!"

"बाबा," मी काउंटरवरून ओरडले, "गाडी विकायची तर खुशाल विका, पण आधी यांना बसवून टाकीपर्यंत जाऊन या. नाहीतर मी स्वतः बसते मागे, आणि मी गप्प बसणारी नाही, तुम्हाला माहीत आहे."

बाबांनी किल्ली उचलली.

वजन आईएवढं हवं होतं. आईचं वजन कुणाला सांगायचं नाही अशी आईची सक्त ताकीद आहे, म्हणून एवढंच सांगते की यांनी मांडीवर अवजारांची लोखंडी पेटी घेतली. त्या पेटीला कुलूप नाही, आत पाने सुटे. पुढे छाती काढून सासरा, मागे पेटीला मिठी मारून जावई, अशी वरात बाजारातून निघाली आणि समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत राहिला.

बऱ्याच वेळाने दोघं परतले. वळणावर गाडी पुन्हा बंद पडलीच होती; दोघांनी मिळून ढकलून फिरवली होती. बाबा घामाघूम, कपाळावर आठ्या. हे मात्र शांत, जत्रा बघून आल्यासारखे खूश.

"तुम्ही मूठ पिळतच नाही," हे बाबांना म्हणाले. "जोर न देता, हळूहळू, वरच्या गिअरमध्ये चढता. गिअर कधी बदललात ते मला मागे कळलंही नाही. वळण घेतलंत, ट्रकला वाट दिलीत, खड्डा चुकवलात, आणि पेटीतला एक पाना वाजला नाही."

"वाजायचा कशाला?" बाबा तुसडेपणाने म्हणाले. "मागे माणसं बसलेली असतात."

"तेच मी आधी बघायला हवं होतं." यांनी कपाटातून धाकटी जोडी काढली. "हे कॅम झाकण लवकर मिटतात. गाडी हळू असली तरी आत आलेली हवा आतच राहते. तुम्हाला हे हवेत."

बाबांनी ते छोटे कॅम हातात घेतले. "म्हणजे म्हाताऱ्याचे."

"नाही," हे म्हणाले. "प्रवासी बसलेल्या गाडीचे."

बाबांनी कॅम यांच्या हातात परत दिले, हिरव्या सीटपाशी गेले, रेक्झिन हाताने झटकलं आणि बसले.

मग रोज यायला लागले. यांनी ताठ स्प्रिंगा काढून मऊ घातल्या, जुना लहान कार्बोरेटर धुऊनपुसून परत बसवला, क्लचच्या प्लेटा बदलल्या आणि मागचं चेनचं चक्र थोडं मोठं घेतलं, म्हणजे चढाला ओढ वाढेल. बाबा सीटवरून सगळं बघत होते आणि प्रत्येक स्क्रूला सल्ला देत होते. एकदा स्वतःच वर येऊन म्हणाले, "तुझे मास्तर कणीक मागतायत. भूक लागलीय का त्यांना?" मी गोळी हातावर ठेवली आणि मागोमाग खाली गेले. यांनी गोळी पिस्टनवर ठेवली, डोकं बसवलं, इंजिन हाताने फिरवायला घेतलं.

"लहान कॅम आहेत, आपटतील कशाला?" बाबा म्हणाले.

"नाही आपटणार बहुतेक," हे म्हणाले. "बघू." आणि तोंड इंजिनाजवळ नेऊन इतकं हळू फिरवायला लागले की घड्याळसुद्धा त्याहून घाईत असेल. मग डोकं उघडलं, कणीक कापली, खिडकीच्या उजेडात धरली, पुन्हा मोजली. बाबा सीटवरून उठून शेजारी येऊन वाकले होते. कणकेवर व्हॉल्व्हचा गोल ठसा उठला होता. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं, यांच्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं, तो शब्द कामावर असताना कसा दिसतो ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खेपेचा दिवस आला. आई आमच्या शटरासमोर उभी होती, लचकलेल्या पायाला अजून पट्टी, पिशवीत तेलाची बाटली आणि कंगवा. बसथांबा रस्त्यापलीकडेच आहे, आणि आई तोंड तिकडेच करून उभी होती. बाबांनी गाडी बाहेर काढून सुरू केली. धड, धड, धड, जुन्या चालीने, एकेक ठोका मोजून घ्यावा असा. बाबांनी आईकडे बघितलं नाही. हेल्मेटचा पट्टा लावत बसले. तो पट्टा लावायला एवढा वेळ लागत नाही.

आईने यांना विचारलं, "काय हो जावईबापू, या वेळी चढेल ना? मला पुन्हा रस्त्यात उतरायचं नाही. उतरावं लागणार असेल तर मी आत्ताच बसनं जाते."

'हो' म्हणा, मी मनात म्हटलं. आज तरी म्हणा.

यांनी गाडीकडे बघितलं. आईच्या पायाकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. हात पुसले.

"बघू," हे म्हणाले.

आईने सुस्कारा सोडला, पिशवी खांद्याला लावली आणि थांब्याकडे एक पाऊल टाकलं. तेवढ्यात बाबा तिच्यावर खेकसले, अगदी जुन्या, बसमधल्या आवाजात.

"अगं, कुठं चाललीस? बस मागे!"

"अहो, पण ते बघू म्हणाले ना."

"म्हणून तर सांगतोय बस," बाबा म्हणाले. "गाढव बघू म्हणालाय. म्हणजे त्यानं बघितलंय."

गाढव! मी यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी मिळालेली ती शिवी घेऊन हे फडकं हातात धरून उभे होते, आणि डोळे भरून आले होते. माझेही आले. लपवायचं कशाला?

आई बसली. शटर ओढून आम्ही दोघं आमच्या गाडीवर, पुढे मी आणि मागे हे, त्यांच्या पाठोपाठ निघालो. टाकीच्या वळणावर पुढे पुन्हा एक ट्रक रांगत होता, आणि आमच्या मागे बस येऊन ठेपली होती. बाबा ट्रकच्या मागे हळू झाले. इंजिनाची धडधड खाली खाली आली, यांनी श्वास रोखलेला मला पाठीला कळला, आणि गाडी तशीच, एकेक ठोका टाकत, चढत राहिली. बसवाल्याने हॉर्न वाजवला. आईने मागे वळून आधी बसकडे आणि मग आमच्याकडे बघितलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात बाबांच्या खांद्यावर ठेवला. ती उतरली नाही.